जामीन मिळाला, जामीनदार मिळाला नाही

माझ्या पोरांनो,

तुमच्यापैकी मोठीनं मध्यंतरी फोनवर मला एक प्रश्न विचारला होता. तिला कॉलेजात निबंध लिहायचा होता : बायका पुरुषांपेक्षा कमी गुन्हे का करतात, आणि केलेच तर त्यांना न्याय वेगळा मिळतो का. "आजी, तू हेच शिकवायचीस ना? चार मुद्दे सांग," ती म्हणाली. मी टेबलाशी बसून इंग्रजीत उत्तर लिहिलं. एका पानात संपलं. मुलींवर घराची सतत नजर असते, म्हणून त्यांना गुन्ह्याची संधीच मिळत नाही. त्यांना लहानपणापासून सोसायला शिकवलं जातं. पोलीस आणि न्यायाधीश बाईकडे जरा दयेनं पाहतात. पण जी बाई 'चांगली बाई' या चौकटीत बसत नाही, तिला दुहेरी शिक्षा होते, एक कायद्याची आणि एक माणसांची. सगळं बरोबर होतं. उभी हयात मी अकरावी-बारावीच्या मुलांना समाजशास्त्राच्या तासाला हेच शिकवलं.

त्या पानात एक मुलगी नव्हती. तिच्याबद्दल मी तुम्हाला आजवर काही बोलले नाही, कारण काहीतरी बरं घडेल आणि मग सांगू, असं वाटत होतं. परवा तिच्या लेकीला सहा वर्षं पूर्ण झाली. आता वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लिहायला बसले. कुणाचंही नाव लिहिणार नाही, खटला अजून चालू आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. हळूहळू वाचा.

आपल्या हिंगोलीच्या घराच्या मागच्या गल्लीत तिचं माहेर. तिची आई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. गल्लीतले सगळे तिला माय म्हणतात, मीही म्हणते. माझी आणि तिची ओळख विहारातली. रविवारी वंदना झाली की ती माझ्याशेजारी बसायची आणि घरचं सांगायची. नवरा लवकर गेला होता. पदरात एक पोरगा आणि त्याच्या पाठची ही पोरगी.

पोरगी संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. हुशार म्हणण्यापेक्षा ती चौकस होती. दिवेलागणीला तिचा भाऊ फाटकाशी येऊन उभा राहायचा.

"बाई, धाडा हिला. अंधार पडून राहिला."

"अरे, मागच्या गल्लीत तर जायचंय," मी म्हणायचे.

"तरीबी. लोक बघत्यात."

वही आवरता आवरता ती मला हळूच म्हणायची, "बाई, दादाला अंधारात बोलवायला कोन जातं?" आणि स्वतःच हसायची. भाऊ तिला घरी सोडून परत चौकातल्या पानटपरीवर जायचा, ते मला खिडकीतून दिसायचं. मुलींवर नजर असते, हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवायचे तेव्हा मला तो फाटकाशी उभा असलेला पोरगा दिसायचा.

त्या पोरानं एकदा वारंगा फाट्यावर एका धाब्यात मारामारी केली. समोरच्याचं डोकं फुटलं, टाके पडले. याला पोलिसांनी नेलं. सकाळी गल्लीत बातमी आली आणि दुपारच्या जेवणाआधी त्याचा चुलता गावाहून सातबारा घेऊन कोर्टात हजर होता. सातबारा म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी उतारा. आरोपीला जामीन मिळतो तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी जामीनदार राहावं लागतं. 'हा तारखांना येईल, पळाला तर माझ्या मालमत्तेतून वसूल करा,' असं त्यानं कोर्टापुढे लिहून द्यायचं असतं. चुलत्यानं लिहून दिलं. चुलत्याबरोबर जीपभर माणसं आली होती. मायनं सगळ्यांसाठी भाकरी थापल्या. संध्याकाळी पोरगा ओट्यावर बसून ती मारामारी रंगवून सांगत होता आणि चुलता कौतुकानं म्हणत होता, "पोरंच भांडत्यात. पोरी भांडत असत्यात का कुठं?"

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातात सगळ्यांच्या चहाचे कप होते.

बारावी झाल्यावर तिचं लग्न झालं. हट्ट्याकडच्या एका गावात दिली. आपल्याच समाजातलं, थोडीफार शेती असलेलं घर. सासू, सासरे, नवरा आणि एक दीर. दीर पोलीस भरतीची तयारी करायचा. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावायचा, दूध-अंडी त्याला वेगळी. घरातला एक माणूस वर्दीत गेला की घर वर निघेल, या आशेवर सगळे होते. तिला मुलगी झाली. माय बारशाला जाऊन आली आणि मला म्हणाली, "बरं हाय, बाई. मारत-बिरत न्हाईत."

मग हळद काढायच्या दिवसांत भावकीशी बांधावरून भांडण झालं. चुलत घराण्यातल्या एकानं बांध नांगरून आपल्याकडे ओढला होता. शब्दाला शब्द लागला. दिराच्या हातात हळद खणायची कुदळ होती. त्यानं तिचा दांडा त्या माणसाच्या डोक्यात घातला. माणूस खाली पडला, पण बोलत होता, शिव्या देत होता. त्याला गाडीत घालून नांदेडला नेलं, वाटेतच त्याची शुद्ध हरपली. भांडणाच्या वेळी त्याच्या बाजूचं रानात दुसरं कुणी नव्हतं.

पुढचं मला तिनंच सांगितलं, खूप नंतर, तुरुंगाच्या जाळीपलीकडून.

"सगळे घरी आले. मामंजींनी मला पानी आनायला सांगितलं. मी तांब्या भरून आनला, तवर त्यांचं ठरलं व्हतं."

ठरलं होतं ते असं. दिरावर केस झाली तर भरती गेली, आयुष्य गेलं. नवऱ्यावर घेतली तर शेत कोण करणार? सासू म्हणाली, "मी जाते. म्हातारीला काय करतेत?" सासरे तिच्यावर खेकसले, "तुझ्यानं कुदळ उचलंल, हे कुनाला पटंल का?" मग सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं. सासरे समजुतीनं बोलले. बाईमाणसाला ठाण्यात ठेवत नाहीत. कडेवर लेकरू असलं तर मुळीच नाही. साहेब लोक बाईला बसायला खुर्ची देतात. आठवड्यात घरी येशील. फक्त सांगायचं, मी एकटी होते, त्यानं माझा हात धरला, म्हणून मी मारलं. अब्रूसाठी मारलं म्हटल्यावर तुला कोण काय करील?

मी तिला विचारलं, "तू हो कशी म्हणालीस गं?"

"न्हाई म्हनायची सवयच न्हाई ना, बाई." मग म्हणाली, "अन् खरं सांगू का, मला वाटलं, यानंतर घरात माझं वजन वाढंल."

मी शिकवायचे त्या पुस्तकात एक प्रकरण होतं. बाईला कायदा सौम्यपणे वागवतो असा एक समज आहे, तो कितपत खरा, यावर. मी ते पुष्कळदा शिकवलं. हट्ट्याकडच्या त्या घरात कुणी ते वाचलं नव्हतं, पण समज त्यांना पक्का ठाऊक होता आणि त्यांनी त्याचा हिशेबानं उपयोग केला. पुरुषाचा गुन्हा बाईच्या अंगावर घातला की तो हलका होतो, असं त्यांना वाटलं. यात दुष्टावा होता असंही मला म्हणवत नाही. त्यांनी तिला खरोखर आठवड्यात परत आणायचं ठरवलं होतं. सासूनं तिच्यासाठी नवी साडी काढून ठेवली होती, घरी आल्यावर नेसायला.

पहिला दिवस सासऱ्यांनी सांगितला तसाच गेला. ठाण्यात तिला खुर्ची दिली. "ताई, बसा," म्हणाले. लेकराला बिस्किटाचा पुडा आणून दिला. संध्याकाळी नांदेडहून फोन आला की तो माणूस दवाखान्यात वारला.

"खुर्ची तिथंच व्हती, बाई," ती म्हणाली. "पन मंग मला बस कुनी म्हनलं न्हाई."

मारहाणीचा गुन्हा खुनाचा झाला. लेकरासकट तिला शेजारच्या जिल्ह्यातल्या तुरुंगात पाठवलं, कारण बायकांची सोय तिकडे होती. लेकरू तेव्हा नुकतं बोलायला लागलं होतं. सहा वर्षांचं होईपर्यंत मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, असा नियम आहे. त्या वेळी सहा वर्षं आम्हाला फार लांब वाटली.

सासरचे सुरुवातीला एकदा भेटायला गेले. मग त्यांचं येणं थांबलं. कारण हळूहळू कळलं. ती अब्रूची गोष्ट, जी त्यांनीच पाण्याचा तांब्या येईपर्यंत जुळवली होती, ती गावात फिरायला लागली आणि फिरता फिरता बदलली. यानं तिचा हात धरला म्हणजे आधीचं काहीतरी असणार. ती एकटी त्या रानात काहून गेली? भल्या घरची बाई माणूस मारते का? भावकीनं तर उघडच सांगितलं की हिचंच त्याच्याशी होतं आणि बिनसलं म्हणून हिनं जीव घेतला. नवऱ्यासमोर ती गोष्ट रचली गेली होती. तो तिथं भिंतीला टेकून बसला होता. पण वर्षभर लोकांच्या तोंडून ऐकल्यावर त्यालाही ती खरी वाटायला लागली, किंवा खरी धरणं सोयीचं वाटलं. त्यानं दुसरं लग्न केलं. माय भांडायला गेली तर तो म्हणाला, "तुमची पोरगी खुनी हाय. अन् ती लेक तरी माझी कशावरून?"

दिराची भरती झालीच नाही. धावण्यात तो दोनदा मागे पडला, मग वय संपलं. आता तो टेम्पो चालवतो.

मायबरोबर मी तुरुंगाच्या भेटीला जायला लागले, ते तिला अर्ज वाचता येत नाहीत म्हणून. फाटकाबाहेर निंबाखाली भेटीला आलेल्यांची रांग असते. पहिल्याच दिवशी मला त्या रांगेत काहीतरी खटकलं, पण काय ते लगेच कळलं नाही. नंतर कळलं. रांग सगळी बायकांची होती. बायका, आया, बहिणी, कडेवर पोरं, हातात साबण, कपडे, बिस्किटांच्या पिशव्या. सगळ्या आतल्या पुरुषांसाठी आलेल्या. कुणी चोरीत होता, कुणी मारामारीत, एक तर बायकोला जाळल्याच्या गुन्ह्यात, आणि त्याच्यासाठीही त्याची बहीण आली होती. आतल्या बायकांसाठी त्या दिवशी माय आणि मी, दोघीच होतो.

रांगेतल्या एका म्हातारीनं मायला विचारलं, "कोन हाय आत? पोरगा का जावई?"

"पोरगी," माय म्हणाली.

म्हातारीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि जरा सरकून उभी राहिली. तिचा स्वतःचा मुलगा खुनातच आत होता.

तिला सरकारी मदतीतून एक वकील मिळाली. तरुण मुलगी, स्कूटीवर फिरणारी. तिला पोरीनं खरं काय ते सांगितलं. वकील म्हणाली, कोर्टात आपण हेच सांगू, पण घरातले चौघं साक्षीदार तुझंच नाव घेतात आणि पहिल्या दिवशी सगळ्यांपुढे तू स्वतःच कबूल केलंस, त्यामुळे कठीण आहे. खटला कधी उभा राहील त्याचा नेम नाही, तोवर जामिनाचं बघू. खालच्या कोर्टानं नाही म्हटलं. वरच्या कोर्टात ती औरंगाबादला खेटे घालत राहिली, आणि एका दुपारी तिचा मला फोन आला, "मॅडम, झाला जामीन!"

माय शाळेतून तशीच पळत आली, हाताला खिचडीची हळद होती. रविवारी विहारात तिनं सगळ्यांना पेढे वाटले. लेकीला सहावं सरायला तेव्हा अजून अवकाश होता. माय म्हणाली, "शाळेत माझ्याच हातची खिचडी खाईल आता." मीही त्या रात्री तुम्हाला फोनवर सांगणार होते. मग म्हटलं, घरी येऊ दे.

कोर्टाच्या हुकमात अट होती : स्थानिक, मालमत्ता असलेला एक जामीनदार.

माय आधी तिच्या पोराकडे गेली. घर त्याच्या नावावर होतं. त्याचं लग्न होऊन त्यालाही मुली झाल्या होत्या. तो वाईट बोलला नाही, मान खाली घालून बोलला. "माय, मला पोरी हायेत. उद्या त्यांना कोन करील? अन् तिला इथं आनायचं म्हनशील तर मी सांगतो आत्ताच, जमनार न्हाई." मग ती चुलत्याकडे गेली, ज्यानं पोराच्या वेळी दुपारच्या आत सातबारा आणला होता. मी सोबत होते. त्यानं आम्हाला चहा पाजला.

"वहिनी, पोराचं येगळं असतंय," तो म्हणाला.

"काय येगळं असतंय?" माय म्हणाली. "त्यानं तर खरंच डोकं फोडलं व्हतं. हिनं काई केलंच न्हाई."

"केलं का न्हाई ते कोर्ट बघंल. पोरगा भांडला तर मर्द म्हनतेत. पोरीची गोष्ट तोंडातून काढता येत न्हाई."

त्या रविवारी विहारात मी सगळ्या बायकांपुढे विषय काढला. वकिलालाही बोलावलं होतं. मला वाटलं होतं, कुणीच बोलणार नाही. पण मागून आवाज आला, "मी ऱ्हाते की. आमची तीन एकर हाय." पाठोपाठ दुसरी म्हणाली, मीही राहते. चार-पाच हात वर झाले. माय रडायला लागली.

वकिलानं वही काढली आणि पहिलीला विचारलं, "तीन एकर तुमच्या नावावर?"

"मालकाच्या."

"ते येतील कोर्टात?"

"त्यांना इचारलं तर माझाच जामीन कोन राहील, ते बघावं लागंल," ती म्हणाली आणि सगळ्या हसल्या. दुसरीचं घर सासऱ्याच्या नावावर. तिसरीचा प्लॉट मुलाच्या. चौथी अंगणवाडीत होती. तिला वाटलं सरकारी काम म्हणजे चालेल, पण मिळतं ते मानधन, पगार नव्हे. हसणं कमी कमी होत गेलं. वकिलानं वही मिटली. त्या खोलीत शेतात राबणाऱ्या, घरं सारवून उभी ठेवणाऱ्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात कोर्टाला दाखवण्यासारखी एक वीतभर जमीन नव्हती.

तुम्ही म्हणाल, आजी, तू? मीही तेच म्हणाले होते. मला पेन्शन आहे. वकील म्हणाली, पेन्शनवर जप्ती येत नाही, म्हणून कोर्ट ती धरत नाही. मग मी घर म्हणाले. हे घर तुमच्या आजोबांच्या नावावर होतं. ते गेल्यावर पुढे त्रास नको म्हणून मी ते तुमच्या वडिलांच्या नावावर करून दिलं होतं, सगळे कागद नीट लावून. मी राहते, घरपट्टी मी भरते, पण जामीनदार म्हणून मालक स्वतः कोर्टात उभा राहावा लागतो. तुमचे वडील तिकडे परदेशात, तुमच्याजवळ. मी त्यांना विचारलं. त्यांना रजा मिळण्यासारखी नव्हती, आणि मला वाटतं, ते घाबरलेही. त्यांना यावरून काही बोलू नका. खुनाच्या खटल्यात आईनं पडू नये असं कुठल्याही मुलाला वाटेल.

मग उरला माझा भाऊ. नरसी नामदेवच्या वाटेवर आमच्या वडिलांची जमीन आहे. वडील गेल्यावर आम्हा बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, जशा सगळ्या बहिणी करतात, म्हणजे माहेरचं दार उघडं राहतं. भावानं तेव्हा प्रत्येकीला साडी नेसवली होती. मी रिक्षा करून त्याच्याकडे गेले.

भाऊ आता थकला आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "आक्का, तू म्हनतीस तर राहतो," तो म्हणाला. इतकं सरळ. मी परत आले आणि मायला सांगितलं. वकिलानं तारीख घेतली.

त्या सकाळी माय नवं लुगडं नेसून कोर्टाच्या आवारात आली होती. पिशवीत तिनं लेकीसाठी पोळ्या आणि नातीसाठी फ्रॉक आणला होता, कारण कागद झाले की तसंच तुरुंगात जाऊन दोघींना आणायचं ठरलं होतं. भाऊ आला नाही. त्याचा मुलगा मोटारसायकलवर आला. माझा भाचा, मी कडेवर खेळवलेला. तो माझ्या पाया पडला आणि बाजूला घेऊन म्हणाला, "आत्या, अण्णांना मी येऊ दिलं न्हाई. राग मानू नको."

"का रे?"

"गड्याचं असतं तर डोळे झाकून राहिलो असतो. गडी कुठं जाईल? त्याचं घर हाय, शेत हाय, फिरून तिथंच येतो. बाई सुटल्यावर कुठं जाईल, सांग बरं. सासर न्हाई, म्हायेर न्हाई. उद्या न्हाई आली तारखेला तर मी तिला कुठं धुंडू? अन् आमची जमीन जाईल."

"ती माझ्या घरी राहील," मी म्हणाले. "मी लिहून देते."

त्याला मला दुखवायचं नव्हतं, हे मला दिसत होतं. "आत्या," तो म्हणाला, "ते घर तरी तुझं हाय का?"

त्यानं मला उसाचा रस विचारला, मी नको म्हणाले, तो गेला. पुस्तकात वाचलं होतं की बाईच्या पायात घर असतं म्हणून ती गुन्हा करत नाही. घर नाही म्हणून ती सुटतही नाही, हे कुठल्या प्रकरणात होतं ते मला आठवत नाही.

वकिलानं मग जामीनदाराशिवाय, तिच्या स्वतःच्या हमीवर सोडावं, असा अर्ज दिला. कायद्यात तशी सोय आहे. अर्जावर तारखा पडत गेल्या. एका तारखेला सरकारी वकील नव्हते, एका तारखेला सुट्टी निघाली, एकदा न्यायाधीशांची बदली झाली. कुणी आमच्याशी वाईट वागलं नाही. प्रत्येक वेळी पुढची तारीख सहा वर्षांच्या आत बसते का, एवढंच आम्ही पाहायचो. मग एक तारीख बाहेर पडली.

बापानं लेक घ्यायला लेखी नकार दिला. माय घ्यायला तयार होती, पण घर पोराचं, आणि पोरानं बालकल्याण समितीपुढे सांगितलं की जमणार नाही. मी अर्ज केला. समितीतल्या बाईंनी मला आदरानं बसवलं आणि माझं वय विचारलं. नातं विचारलं, ते मला सांगता आलं नाही. म्हणून लेकराला बालगृहात द्यायचं ठरलं.

परवा त्याला बाहेर आणलं तेव्हा माय आणि मी फाटकाशी होतो. आई आतच. तिला दारापर्यंत येऊ दिलं होतं, पण ती आली नाही. पोलीस बाईनं सांगितलं, "ती म्हनली, मी आले तर लेकरू मला सोडनार न्हाई." लेकराच्या वेणीला तेल लावून घट्ट रिबिनी बांधल्या होत्या. मायनं आणलेला फ्रॉक आखूड झाला होता, कोर्टातल्या त्या सकाळपासून पिशवीतच होता.

लेकरू रडलं नाही. बालगृहाच्या गाडीला उशीर होता, म्हणून आम्ही समोरच्या चहाच्या हॉटेलात बसलो. दार सताड उघडं होतं, तरी ते उंबऱ्यात थांबलं आणि कुणीतरी कुलूप काढायची वाट पाहू लागलं. मायनं त्याला हाताला धरून आत घेतलं. थोड्या वेळानं ते उठलं, तुरुंगात रोजच्या मोजणीला उभे राहतात तसं भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहिलं आणि मला विचारलं, "इथं गिनती कोन करतं?"

मायनं मला विचारलं, "बाई, इतके कागद लिवले आपन. चूक कुठं झाली?" मी शिकलेली, म्हणून तिनं विचारलं. प्रत्येक जण आपापल्या जागी समजुतीनं वागला होता. सासरा, भाऊ, चुलता, भाचा, तुमचे वडील, समितीच्या बाई. त्या सगळ्या समजुतींच्या मधे एक पोरगी आत आहे, जिनं कुदळीला हातही लावला नव्हता.

म्हणून मोठे, तुझ्या निबंधातलं वाक्य खोडू नकोस. बायका कमी गुन्हे करतात हे खरंच आहे. एवढंच की ज्यांच्या नावावर काहीच नसतं, त्यांच्या नावावर गुन्हा करून द्यायला फार वेळ लागत नाही.

खटला चालू आहे. तिच्या सुटकेची आशा मी धरत नाही, वकीलही आता धरत नाही. अर्जाची तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्या तारखेला मी जाईन.

गाडी आली तेव्हा बालगृहाच्या बाईंनी लेकराला पूर्ण नाव विचारलं. तुरुंगात लहान मुलांना आईच्या नावानं हाक मारायची पद्धत, गिनतीतही तशीच. लेकरानं आपलं नाव सांगितलं आणि त्यापुढे आईचं नाव लावलं. बाई म्हणाल्या, "वडिलांचं नाव?" लेकरानं पुन्हा आईचंच सांगितलं. बाईंनी तेच लिहून घेतलं.

ते नाव तिथं लागलेलं आहे.

तुमची आजी